पाणमांजराच्या विष्ठेवरून नर-मादी कसे ओळखावे

पाणमांजर न पकडता ते नर की मादी हे कळायला त्याची विष्ठा पुरते. तिच्या वरच्या बुळबुळीत थरात आतड्याच्या पेशी असतात. डीएनए त्यांतून मिळतो. आतले खवले आणि कुर्ल्यांची कवचं घेऊ नका.

वनखात्याची परवानगी आधी काढा. सिंधुदुर्गातल्या कर्ली किंवा आचऱ्याच्या खाडीत भरतीचं कोष्टक पाहून उजाडताच निघायचं. खाजणाच्या बांधावरची ओली, ताजी विष्ठाच घ्यायची. उन्हाने पांढरी पडलेली नको. पावसाळ्यात तर हा खटाटोपच नको, सगळं धुऊन जातं.

दर नमुन्याला नवे हातमोजे, नवी लाकडी काडी. वाटाण्याएवढा थर खरवडून चौपट ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. विष्ठेतल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं, म्हणून इथे कंजुषी नको. इथेनॉलऐवजी नमुना सुकवायला सिलिका जेल वापरलीत तर कोकणच्या दमट हवेत ती लवकर निकामी होते. रंग पालटला की बदला.

प्रयोगशाळेत फक्त नराच्या वाय गुणसूत्रावर असणाऱ्या एकट्या एसआरवाय जनुकावर विसंबू नका. चाचणीत त्याची पट्टी दिसली नाही तर मादी आहे की चाचणीच फसली, हे कळत नाही. सोबत एक्स गुणसूत्राची खूण हवीच; त्यासाठी झेडएफएक्स (एक्सवरचं) आणि झेडएफवाय (वायवरचं) ही जनुकांची जोडी सोयीची. विष्ठेतला डीएनए तुटलेला असतो, तेव्हा २०० बेसजोड्यांहून (डीएनएची लांबी मोजायचं एकक) लहान तुकडे निवडा. सर्वच सस्तन प्राण्यांवर चालणारे प्रायमर (हवा तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे) असतील तर काम करणाऱ्या पुरुषाचाही वाय उमटतो. म्हणून नमुना न घातलेली कोरी नळी आणि खात्रीच्या मादीचा नमुना दर फेरीत ठेवा. 

सगळ्यात घातक चूक म्हणजे वाय गळणं, म्हणजे नर असूनही चाचणीत वाय न दिसणं, कारण ती एकाच दिशेने होते: नर मादी ठरतो. गळतीचं प्रमाण २० टक्के धरलं, तर एका चाचणीत पाचांतला एक नर चुकतो. तीन स्वतंत्र चाचण्यांत तिन्ही वेळा चुकणारे नर हजारी आठ. दोनदा वाय दिसला तर नर. तिन्ही वेळा एक्स आला आणि वाय एकदाही नाही, तरच मादी.

पिल्लांचं लिंगगुणोत्तर मात्र एवढ्यावरून काढता येत नाही. एकाच प्राण्याच्या दहा विष्ठा मिळू शकतात, तेव्हा आधी ८-१० मायक्रोसॅटेलाइटांनी (प्राण्यागणिक लांबी बदलणारे डीएनएतले छोटे तुकडे) प्राणी वेगळे ओळखा. विष्ठेवरून वयही कळत नाही; पिल्लं कोणती हे आईबापांशी जनुकं जुळवूनच ठरतं. बिळाजवळचे नमुने पिल्लं तिथून हलल्यावरच घ्या. आणि १० पिल्लांत ७ नर निघाले तर हुरळू नका: निव्वळ योगायोगाने ७ किंवा जास्त नर निघण्याची शक्यता १७ टक्के असते. ६०:४० एवढा फरक भरवशाने पकडायला सुमारे २०० पिल्लं लागतात. एका खाडीत एवढी मिळणं कठीण.