पावसाआधी पूर्ण डिस्कची इमेज काढून ठेवा

फोंड्यात जूनचा पहिला गडगडाट झाला की लाईट जा-ये करते. गेल्या वर्षी त्या झटक्यात माझा पीसी सुरूच होईना. इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) होती म्हणून तासाभरात पुन्हा कामाला लागलो.

फाइली कॉपी करणं वेगळं, इमेज वेगळी. इमेजमध्ये विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, सेटिंग सगळं जसंच्या तसं येतं. इमेज काढणारं क्लोनझिला सॉफ्टवेअर फुकट आहे, पण प्रश्न फार विचारतं. रेस्क्यूझिला त्याच जातीचं, माउसने चालणारं; नवख्याने तेच घ्यावं.

नुसता सी ड्राइव्ह निवडून थांबू नका. शेजारी छोटंसं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू व्हायला लागणारा डिस्कचा वेगळा भाग) लपलेलं असतं. ते राहिलं, तर नव्या डिस्कवर विंडोज बूटच होत नाही. बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा.

रेस्क्यूझिलाचा बूट होणारा पेनड्राइव्हही आजच बनवा आणि त्यावरून एकदा पीसी सुरू करून बघा. पीसी बंद पडल्यावर तो बनवायला शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं (मी वाजवलंय).

रिस्टोअर करताना, म्हणजे इमेज परत उतरवताना, पीसीची डिस्क कुठली आणि इमेज ठेवलेली बाहेरची डिस्क कुठली, हा नावं बघून गोंधळ होतो, म्हणून आकार वाचा: २५६ जीबीची तिथे २३८ दिसते, १ टीबीची ९३१. उलटं निवडलंत तर बॅकअपच पुसला जाईल. आणि काम झालं की बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेलीच राहिली, तर वीज दोन्ही एकदम नेते.