बालवाडीला जायच्या आधी: जूनपूर्वीची तयारी

साताऱ्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्यावर, म्हणजे नेमकी घाईच्या दिवसांत. वळवाने रान भिजलेलं असतं, घेवडा-सोयाबीनच्या पेरणीची गडबड असते, आणि लोणंद-फलटणच्या बाजूला असाल तर माउलींची पालखीही येऊ घातलेली असते. अशा घरात पोराला सोडायला कोण जाणार हे आदल्या रात्री ठरतं. म्हणून यादीत सगळ्यात वर दप्तर नको, माणूस हवा. पहिले दोन-तीन आठवडे सोडायला कोण आणि आणायला कोण, हे मे महिन्यातच पक्कं करा. सोडणारा शक्यतो एकच असू द्या. आजोबा मोकळे असतील तर आजोबाच. आईला घट्ट बिलगणारी पोरं आजोबांचं बोट धरून मुकाट वर्गात शिरतात. त्यात आईने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

मग कागद. जन्मदाखला आधी काढून बघा, त्यावर मुलाचं नाव आहे ना? बऱ्याच जणांनी जन्माची नोंद केलेली असते, पण बारशानंतर नाव घालायचं राहून जातं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पुढे सगळीकडे हाच दाखला लागणार आहे, आणि १ मे २०२४ पासूनच्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं, हेही तपासा. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लहानपणी काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात, तेव्हा मोठ्या गटातल्यांनी ते काम सुट्टीतच उरकावं. लसीकरणाचं कार्ड सापडलं की पाच-सहा वर्षांच्या बूस्टरचा रकाना बघून ठेवा.

वयाचा हिशोब पहिलीपासून उलटा करायचा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, म्हणजे मोठ्या गटाला पाच, लहान गटाला चार. कागदावर बसलं तरी डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये लहान गटात येतं तेव्हा जेमतेम साडेतीनचं असतं. ते वर्षभर मागे राहिलं तर काही बिघडत नाही. भावकीतल्या कुणाची पोरगी पुढे गेली म्हणून आपलं ढकलू नका.

खरी तयारी मात्र घरातल्या मोरीत आणि जेवायच्या जागी होते. शू लागली हे मुलाला अनोळखी बाईंना सांगता येतं का? घरात आपण चेहरा बघून ओळखतो, त्यामुळे सांगायची वेळच येत नाही. पंधरा दिवस मुद्दाम ओळखू नका. त्याला तोंडाने सांगू द्या. चड्डी इलॅस्टिकची, बटण आणि पट्टा नको. शाळेचं संडास भारतीय पद्धतीचं आहे की कमोड, हे प्रवेश घेतानाच डोळ्यांनी बघून या. घरी कमोडची सवय असलेली मुलं शाळेत दिवसभर दाबून धरतात आणि घरी येऊन चिडचिड करतात, मग आपण म्हणतो शाळा आवडत नाही.

डब्याचंही तसंच. नवा डबा आणा, पण तो मुलाने स्वतः उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. क्लिपचे चकचकीत डबे मोठ्यांच्या अंगठ्याला साजेसे असतात. तीस मुलांची झाकणं उघडण्यात बाईंची अर्धी सुट्टी जाते. आठवडाभर सकाळी साडेदहाला सतरंजीवर बसवून, टीव्ही बंद ठेवून, त्याच डब्यातलं त्याच्या हाताने खाऊ द्या. चपातीचा रोल, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, धिरडं, कोरडं चालेल ते. रस्सा नको. भरवायची सवय मोडायला वेळ लागतो आणि ती मोडताना आजी रुसते, याचीही तयारी ठेवा. अंगणवाडीत घालणार असाल तर तीन ते सहा वयाच्या मुलांना गरम आहार तिथेच मिळतो. डबा द्यायचा का ते ताईंना विचारा.

लिहायला शिकवून पाठवू नका. अ-आ गिरवून घेतलेली बोटं लवकर कंटाळतात. त्यापेक्षा कणकेचे गोळे करू द्या, मटकी-चवळी निवडू द्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढू द्या. स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि गाव, एवढं सांगता आलं की पुष्कळ झालं.

आता दारातला प्रसंग. "रडलास तर बाई मारतील" हे वाक्य आजपासून घरात बंद, शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. मूल खेळण्यात गुंगलं की मागच्या मागे सटकायचं, हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही. सांगून निघा: डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी दारात. घड्याळ त्याला कळत नाही, डबा कळतो. सांगितलं की निघा, खिडकीतून डोकावू नका. आणि शब्द दिलात तसे वेळेवर उभे राहा. बाकीची मुलं एकेक करून निघून गेल्यावर एकट्या राहिलेल्या मुलाला दहा मिनिटं फार होतात.

खरेदी थोडक्यात. मोती चौकातल्या गर्दीत शिरण्याआधी ठरवा: कपड्यांचे दोन जोड, कारण पावसाळ्यात एक वाळतच नाही, पट्टीचे सँडल, बूट नकोत, पिशवीत एक जादा चड्डी. मेढा-बामणोलीकडे छत्री वाऱ्याने उलटते, तिथे रेनकोटच लागतो. दहिवडी-म्हसवडला तोच रेनकोट कधी कधी घडीतून निघत नाही, तिथे पैसे वाचवा. रेनकोटवर, डब्यावर, बाटलीवर मार्करने नाव घाला. एका वर्गात एकाच रंगाचे सहा रेनकोट खुंटीला लटकलेले असतात.

पहिला महिना सर्दी-खोकला येणार. ताप असेल तर घरी ठेवा; नुसतं नाक वाहतंय तर पाठवा. घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" विचारू नका, आधी जेवायला घाला आणि झोपू द्या. तिसऱ्या आठवड्यात, सगळं सुरळीत झालंय असं वाटत असताना, पुन्हा एकदा रडारड होते; सुट्टी देऊ नका.

रिक्षा लावणार असाल तर मूल रुळल्यावर लावा. त्याआधी रिक्षावाल्या काकांना भेटून आत किती मुलं बसतात, दाराच्या बाजूला दांडी आहे का, आणि तुमचं मूल पहिलं उतरतं की शेवटचं, ते विचारा. शेवटचं असेल तर ते वाटेत झोपणार, तेव्हा त्याला खांद्यावर घ्यायला कुणीतरी नाक्यावर उभं असायला हवं.