कार वॉश मशीनचं कीपॅड बदलताना: चिकटवण्यातच सगळं काम आहे

कार वॉशच्या पेमेंट मशीनवर सगळ्यात आधी झिजतं ते 'एंटर'चं बटण. कोड कुठलाही असो, शेवटी बोट तिथंच येतं. आधी छपाई पुसट होते, मग वरच्या प्लॅस्टिकच्या थराला चंद्रकोरीसारखी चीर पडते आणि त्या चिरेतून साबणाचं पाणी आत उतरतं.

आधी एक सक्त सूचना. कार्डाचा पिन टाकायचं कीपॅड उघडू नका. ते उघडलं की आतल्या सुरक्षा किल्ल्या, म्हणजे पिन गुप्त ठेवणारे संकेतांक, आपोआप पुसल्या जातात आणि ते कायमचं बाद होतं. ते पुरवठादाराकडूनच बदलून घ्यायचं. पुढचं सगळं वॉश निवडायच्या आणि कोड टाकायच्या साध्या मेंब्रेन कीपॅडबद्दल, म्हणजे पातळ थरांच्या, चिकटवायच्या कीपॅडबद्दल आहे.

मशीनची वीज बंद करा, रिबन (कीपॅडची चपटी वायर) कुठल्या बाजूनं बसली आहे त्याचा फोटो काढा, मग सॉकेटची कडी उचलून ती सोडवा.

नवं मागवण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते बघा. १२ बटणांच्या कीपॅडला बहुधा ७ तारा असतात: ४ आडव्या ओळींच्या, ३ उभ्या रांगांच्या. एकच बटण मेलं असेल तर त्याखालची टिकली, म्हणजे दाबल्यावर जोड देणारी चकती, गेली. अख्खी ओळ मेली असेल तर रिबन किंवा सॉकेट तपासा. नुसतं सॉकेट पुसून काम झाल्याचं मी कित्येकदा पाहिलंय. बटणाच्या फटीत तेलाचा स्प्रे मारायचा सल्ला मात्र कानाआड करा. दोन दिवस बटण चालतं, मग तेल चिकट थरात शिरतं आणि कीपॅड कडेनं सुटू लागतं.

जुनं कीपॅड काढायला हेअर ड्रायरनं कोपरा कोमट करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं सावकाश उचला.

आता खरं काम. सुरुवातीला माझी कीपॅड दोन-तीन महिन्यांत परत यायची. कोणी हात न लावता बटणं आपोआप दाबली जायची. दोष मालाचा नव्हता. जुन्या डिंकाचा नखाएवढा तुकडा मी रिबनच्या खाचेजवळ राहू दिला होता आणि त्या उंचवट्याशेजारून पाणी आत जात होतं. तेव्हापासून डिंक पूर्ण निघेपर्यंत मी पुढं जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, थांबायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. मग बोट फिरवून बघायचं. डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा बोटाला कळतो. भोवती प्लॅस्टिक असेल तर ॲसिटोन वापरू नका, ते चिरफाळतं.

काचेवरची फिल्म लावताना साबणाचं पाणी मारतात, तसं इथंही करा म्हणणारे भेटतात. ऐकू नका. ते पाणी थरांच्या मध्ये अडकतं आणि वीज वाहून नेणारे चांदीच्या शाईचे मार्ग खातं. कोरडंच चिकटवा. आधी रिबन खाचेतून ओवा, पण तिला घडी घालू नका. घडीवर शाई तडकते. मागचा कागद सगळा एकदम काढू नका. एका कडेचा बोटभर सोला, कड जुळवा, दाबा, मग उरलेला कागद ओढत ओढत रबरी रोलरनं पुढं सरका. वाकडं बसलं तर उचलून पुन्हा लावायचा मोह आवरा. एकदा ताणलेला डिंक पुन्हा तसा धरत नाही. मशीनचा पत्रा थंडगार असेल, १० अंशांच्या खाली, तर आधी तो कोमट करा.

कडेनं सिलिकॉन भरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं तर अजिबातच नको. त्यातून सुटणारं आम्ल धातूला गंज चढवतं. शिवाय आत गेलेलं पाणी मग बाहेरही येत नाही.

रिबन जोडा, कडी लावा, वीज चालू करून प्रत्येक बटण दाबून बघा. डिंकाला पूर्ण ताकद यायला साधारण ७२ तास लागतात. तोवर मशीन वापरात राहू द्या, पण त्यावर प्रेशरचा पाइप मारू देऊ नका. धुणाऱ्या मुलांना हे तोंडानं सांगून भागत नाही, कीपॅडशेजारी चिठ्ठी लावा.