कोरोनरी धमन्या महाधमनीतून फुटत नाहीत: भ्रूणाचं हृदय अभ्यासताना या चुका टाळा

कोरोनरी धमन्या म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या. त्यांच्याबद्दलची सगळ्यात चिवट चूक वहीतल्या आकृतीतच असते: महाधमनीच्या बुडाशी दोन कोंब काढायचे आणि ते वाढत वाढत हृदयभर पसरलेले दाखवायचे. तयार हृदयात रक्त त्याच दिशेने वाहतं, म्हणून धमन्याही तशाच वाढल्या असतील असं आपण धरून चालतो. घडतं उलटंच. हृदयाच्या पृष्ठभागाखाली आधी केशवाहिन्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यातले धागे बाहेरून महाधमनीच्या भिंतीत शिरतात.

कोंबडीच्या भ्रूणाचे सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपासचे काप ओळीने पाहा. भिंतीत एकाहून जास्त बारीक वाहिन्या घुसलेल्या सापडतात. पुढे टिकतात साधारण दोनच. एखादाच काप पाहून मत बनवलं की हे हमखास निसटतं.

महाधमनीत शाई सोडली, हृदयावर काहीच उमटलं नाही, म्हणून ‘वाहिन्या अजून नाहीत’ असं लिहू नका. शाई जोडलेल्या वाटेनेच जाते. जाळं असतं, दार उघडलेलं नसतं. अशा वेळी वाहिन्यांचं अस्तर रंगवणारं प्रतिपिंड वापरा. मात्र त्यातलं क्यूएच१ हे प्रतिपिंड क्वेलच्या (लाव्यासारख्या पक्ष्याच्या) अस्तराच्या पेशी रंगवतं, कोंबडीच्या नाही. रंग चढला नाही तर आधी पक्षी कोणता ते तपासा.

माणसाच्या भ्रूणात हृदय २२व्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागतं, तेव्हा कोरोनरी वाहिन्या नसतात. भिंत पातळ असते, कप्प्यातल्या रक्तातूनच तिला ऑक्सिजन मिळतो.

पेशी कुठून येतात, इथे तर फारच गोंधळ होतो. प्रोएपिकार्डियममधून (हृदयाचं बाहेरचं आवरण ज्यातून बनतं त्या पेशीपुंजातून) मुख्यतः धमनीभोवतीचे स्नायू आणि संयोजी ऊती येतात. आतलं अस्तर बव्हंशी सायनस व्हेनोसस आणि एंडोकार्डियम (हृदयाच्या कप्प्यांचं आतलं अस्तर) यांच्याकडून येतं. सायनस व्हेनोसस हा शिरांचं रक्त हृदयात आणणारा भाग. उंदरांवरच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं की तिथल्या पेशी आपली शिरेची ओळख टाकून धमनीच्या होतात. मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

म्हणूनच उंदरात टाय२-क्रे (पेशी आणि त्यांची संतती ओळखू यावी म्हणून वापरली जाणारी जनुकीय खूण) वापरून ‘पेशी एंडोकार्डियममधूनच आल्या’ असा दावा करू नका. ती खूण एंडोकार्डियम आणि वाहिन्यांचं अस्तर दोन्हींवर बसते. हाच प्रश्न असेल तर एनएफएटीसी१ (एंडोकार्डियमची) आणि एपीजे (सायनस व्हेनोससची) या खुणांचे निकाल शेजारी ठेवून पाहा.