नावावर जाऊ नका, चरबी विचारा

लीड्सला येऊन मला अठरा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंनी ‘टी’ला बोलावलं, संध्याकाळी साडेपाच वाजता. मी घरून पोटभर वरणभात जेवून निघाले आणि चहाबरोबर असावा म्हणून चिवड्याचा डबा घेतला. जाऊन बघते तर टेबलावर काटेचमचे मांडलेले आणि ओव्हनमधून बटाटे निघतायत! उत्तर इंग्लंडात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि बऱ्याच घरांत ‘डिनर’ म्हणजे दुपारचं. ‘टी’चं आमंत्रण संध्याकाळचं असेल तर उपाशीच जा.

त्या दिवशी समोर आलं ‘टोड इन द होल’, बिळातला बेडूक. घाबरू नका, बेडूक त्यात कधीच नव्हता. मैदा, अंडी, दुधाचं पातळ पीठ तापलेल्या चरबीत ओतायचं, त्यात सॉसेज ठेवायचे आणि भाजायचं. पीठ फुगतं आणि सॉसेज डोकी वर काढून बसतात, म्हणून हे नाव पडलं असावं. हेच पीठ सॉसेजशिवाय भाजलं की यॉर्कशायर पुडिंग. ते खारं असतं आणि भाजलेल्या मांसाबरोबर वाढतात. गोड समजून चमचा घातलात की फसलात.

पुडिंग शब्दाचं मूळ कळलं की इथला निम्मा मेनू उलगडतो. या शब्दाचा जुना अर्थ मांस-मसाला भरून उकडलेलं आतडं. पुढे आतड्याच्या जागी फडकं आलं, मग वाडगं, मग साखर. आता तर जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला पुडिंग म्हणतात. एक नातेवाईक मात्र जुन्या अर्थालाच चिकटून राहिला, ब्लॅक पुडिंग. हॉटेलातल्या इंग्लिश ब्रेकफास्टमध्ये दिसणारी ती काळी चकती म्हणजे डुकराचं रक्त, चरबी आणि धान्य. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या एक मावशी चॉकलेट केक समजून हात पुढे करत होत्या, वेळेवर थांबवलं.

डिसेंबरात ऑफिसात मिन्स पाय येतील, म्हणजे करंजीसारखं सारण भरून भाजलेला छोटा गोड पदार्थ. त्यात मिन्समीट असतं हे ऐकून शाकाहारी लोक दूर पळतात, खिमा समजून. जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न, आणि पूर्वी या सारणात खरोखर मांसही पडायचं. आता त्यात मनुका, सफरचंद, संत्र्याची साल, मसाले असतात. मांस गेलं, पण चरबी राहिली. तिचं नाव स्यूएट, गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. हल्ली वनस्पती तेलाचं स्यूएटही मिळतं आणि बाजारातले बरेच मिन्स पाय त्याचेच असतात, पण पाकीट उलटून वाचल्याशिवाय तोंडात टाकू नका.

स्पॉटेड डिक या पुडिंगचीही तीच गत. नाव ऐकून हसू आलं तर खुशाल हसा, इंग्रजही हसतात. ‘स्पॉटेड’ म्हणजे मनुकांचे ठिपके आणि ‘डिक’ हा इथल्या बोलींत पुडिंगसाठी वापरला जाणारा जुना शब्द. गरम कस्टर्ड ओतलेलं हे वाफवलेलं पुडिंग मला फार आवडतं, पण वनस्पती स्यूएटचं असेल तरच.

आता चिप्स. यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्स ज्या भागात आहे तिथे, मासे आणि चिप्स अजूनही पुष्कळ दुकानांत बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात. इथले लोक त्याचा अभिमान बाळगतात. मला हे तीन महिन्यांनी कळलं, तोवर मी दर शुक्रवारी आवडीने चिप्स खात होते. आईला अजून सांगितलेलं नाही. कायद्याने अॅलर्जीच्या चौदा पदार्थांची माहिती द्यावी लागते, पण त्या यादीत गोमांसही नाही आणि डुकराचं मांसही नाही. तेव्हा अॅलर्जीचा तक्ता वाचून निर्धास्त होऊ नका, काउंटरवर सरळ विचारा, “कशात तळता?” कुणी रागावत नाही.

वेल्श रॅबिटमध्ये ससा नाही, टोस्टवर वितळलेलं चीज आहे. वेल्श माणसाच्या गरिबीची ही इंग्रजी थट्टा, की याला ससा कुठला परवडतोय! अठराव्या शतकात आधी ‘रॅबिट’ लिहिलं गेलं, मागाहून कुणीतरी ते सभ्य करून ‘रेअरबिट’ केलं. कट्टर शाकाहारी असाल तर त्यातल्या वूस्टर सॉसची चौकशी करा, त्यात सहसा अँचोव्ही मासे असतात. बबल अँड स्क्वीक मात्र आपल्या फोडणीच्या पोळीचं भावंड. उरलेला बटाटा-कोबी तव्यावर परतताना बुडबुडतो, चिरकतो, म्हणून हे नाव.

शेवटी आपला माणूस. ‘बॉम्बे डक’ म्हणजे बदक नाही, आपला सुका बोंबील. मुंबईच्या डाकगाडीतून त्याचा वास यायचा म्हणून ‘बॉम्बे डाक’, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक पार्टीत कुणीतरी ऐकवेल. पण आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला 1853 साली धावली आणि इंग्रजीत हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. 1997 साली युरोपीय संघाने याची आयातच बंद केली होती, कारण नियम मान्यताप्राप्त कारखान्यांतल्या माशांचा आणि बोंबील सुकतो बांबूंच्या वलांडीवर, समुद्राच्या वाऱ्यात. इथल्या चाहत्यांनी आरडाओरडा केला, मग सुकवा उघड्यावर पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा, असा तोडगा निघाला.

भारतीय किंवा बांगलादेशी दुकानात पाकीट मिळालं तर घ्या. पण भाड्याच्या सामायिक घरात भाजू नका. मी भाजले होते. स्मोक अलार्म वाजला, वरच्या मजल्यावरचा पोलिश मुलगा नाक धरून खाली आला आणि गॅस गळतोय का विचारू लागला. आता मी ते परसात, कोळशाच्या बार्बेक्यूवर भाजते, वारा शेजाऱ्यांच्या उलट दिशेने असेल त्या दिवशी.