सोलापुरी टॉवेल आणि कांद्याचा सौदा : विज्ञान आणि अर्थशास्त्र वर्गात करून कसं शिकवावं

विज्ञानाला प्रयोगशाळाच लागते आणि अर्थशास्त्राला व्याख्या पाठ केल्या की भागतं, हे दोन्ही समज सोलापुरात तरी टिकायला नकोत. इथे पूर्व भागातल्या पोरांच्या कानात यंत्रमागाचा खडखडाट असतो आणि आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या पोरांच्या घरी कांद्याच्या पट्ट्या (विक्रीचा हिशेब मांडलेल्या पावत्या) तारेला अडकवलेल्या असतात. एवढं भांडवल पुरे. खालचे प्रयोग सातवी ते दहावीच्या वर्गासाठी आहेत. घरी किंवा शिकवणीतही जमतील.

एक अट मात्र सगळीकडे पाळा. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. पेन्सिलीने नको, उत्तर दिसलं की पोरं गुपचूप खोडतात. अंदाज लिहिलेला नसेल तर प्रयोग ही निव्वळ करमणूक होते.

टॉवेल किती पाणी पितो?

साहित्य जमवा : भरपूर धुतलेल्या जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा, कोऱ्या टॉवेलचा तुकडा, सुती धोतराचं कापड आणि पॉलिएस्टरचं अस्तर. शिवाय शाई मिसळलेलं पाणी, एक पसरट ताट, पट्टी, घड्याळ.

१. प्रत्येक कापडाची २ सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब पट्टी कापा. तिच्यावर बॉलपेनने दर सेंटिमीटरला खूण करा.

२. ताटावर सुतळी बांधून पट्ट्या चिमट्यांनी टांगा. खालचा १ सेंमी भाग पाण्यात बुडला पाहिजे.

३. पाणी किती चढलं ते बरोबर १, ४ आणि ९ मिनिटांनी मोजा.

हे आकडे मुद्दाम निवडलेत. पहिल्या मिनिटाला पाणी ३ सेंमी चढलं, तर चौथ्याला किती, असं विचारा. बहुतेक वर्ग एका सुरात "बारा!" म्हणतो. पट्टीवर मात्र साधारण ६ दिसतात आणि नवव्या मिनिटाला ९ च्या जवळपास. केशाकर्षणाने, म्हणजे धाग्यांमधल्या बारीक फटींतून आपोआप वर चढणारं पाणी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतं, कारण ओल्या धाग्याची लांबी वाढेल तसा पाण्याला होणारा अडथळाही वाढतो. पुढे पाण्याचं वजन आणि बाष्पीभवन आडवे येतात, म्हणून आकडे थोडे कमी भरले तर घाबरू नका. आलेख मात्र काढायलाच लावा. गणितातलं वर्गमूळ ताटात उभं राहिलेलं पोरांना सहसा बघायला मिळत नाही.

कोरा टॉवेल बऱ्याचदा हरतो. धाग्याला लावलेली खळ आणि कापडावरचं फिनिशिंग पाणी दूर ठेवतं. दोन-चार धुण्यांनंतर तो सुधारतो. घरातल्या बायका हे कधीपासून सांगतात. पॉलिएस्टरचा निकाल तुम्ही आधीच सांगून टाकू नका. तो तंतू स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटींतून पाणी वर चढू शकतं. विणीप्रमाणे उत्तर बदलतं आणि वर्गात भांडण जुंपतं. जुंपू द्या.

आता शोषण मोजा. प्रत्येक कापडाचा १० × १० सेंमीचा तुकडा घ्या. वाटीत १०० मिली पाणी मोजून त्यात तो मिनिटभर बुडवा, उचलून ठिबकणं थांबेपर्यंत धरा आणि उरलेलं पाणी मोजा. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण चालतं. टर्किश टॉवेलच्या विणीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात : एक घट्ट, दुसरा सैल. सैल धाग्यांची वेटोळी वर येतात आणि त्यांच्या पोकळीत पाणी अडकतं. भिंग असेल तर ही वेटोळी दाखवा. वर्गात कुणाचे वडील मागावर असतील, तर हा भाग त्या पोरालाच सांगू द्या.

इथून अर्थशास्त्र सुरू. ७५ × १५० सेंमीच्या टॉवेलमध्ये असे सुमारे ११२ तुकडे बसतात. तुकड्याने प्यालेल्या पाण्याला ११२ ने गुणा, टॉवेलच्या किमतीने भागा. एका रुपयाला किती मिलिलिटर पडतात ते कळतं. मग टिकाऊपणा आणा. १५० रुपयांचा टॉवेल २ वर्षं टिकला तर महिन्याला सव्वासहा रुपये पडतात. ८० रुपयांचा ८ महिन्यांत विरला तर १०. तरीही लोक ८० चाच का घेतात? "एकदम दीडशे हातात नसतात सर," हे उत्तर आलं, तर त्या तासाला आणखी काही शिकवायची गरज नाही.

माठ, थोडक्यात

दोन सारखे छोटे माठ घ्या, एकाला बाहेरून ऑइलपेंट मारा, म्हणजे त्याची छिद्रं बुजून पाणी बाहेर झिरपणार नाही आणि त्याची वाफ होणार नाही. एप्रिलच्या सोलापुरी उन्हाळ्यात दोन्ही सावलीत ठेवून दर अर्ध्या तासाला तापमान घ्या. लिटरभर पाणी १ अंशाने गार व्हायला सुमारे पावणेदोन ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. हाच प्रयोग पावसाळ्यात परत करा. हवेत ओल असली की साधा माठही ढेपाळतो.

कांद्याचा सौदा

हा माझा सगळ्यात आवडता. मूळ कल्पना जुनी आहे : अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांचा असा बाजार भरवला आणि १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. त्याच वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे तो सुधारला; २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच प्रयोगांच्या वाटेने. आपण त्यात कांदा घालू.

वर्ग ४० चा धरू. २० शेतकरी, २० व्यापारी. शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर क्विंटलचा खर्च लिहा : ८००, ९००, १००० असं १७०० पर्यंत, प्रत्येक आकड्याच्या दोन चिठ्ठ्या. व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीत जास्त परवडणारा भाव : ९०० पासून १८०० पर्यंत, तसंच. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. एका चिठ्ठीला एक क्विंटल. खर्चाखाली विकायचं नाही, परवडणाऱ्या भावापेक्षा जास्त देऊन घ्यायचं नाही. सौदा ठरला की दोघांनी फळ्याशी यायचं आणि तिथल्या मुलाने भाव मोठ्याने ओरडून लिहायचा. ओरडणं महत्त्वाचं, त्याशिवाय पुढच्याला बाजार कळत नाही.

पाच मिनिटं द्या. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा, गोंगाट होतोच. मग त्याच चिठ्ठ्यांवर आणखी दोनदा खेळा. भाव १३०० च्या आसपास गोळा होऊ लागतात. कुणी ठरवला हा भाव? कुणीच नाही. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा आता फळ्यावर काढा, आधी नाही. त्या १३०० लाच छेदतात.

पुढची फेरी आवकेची. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच खर्चाचे दोन क्विंटल द्या. भाव ११०० कडे घसरतो आणि आधी विकू शकलेले १२००-१३०० वाले हात हलवत परततात.

याच वेळी शेतकऱ्याघरचं एखादं पोर उठून म्हणतं, "सर, माल यार्डात आणल्यावर परत नेत नसतात." खरं आहे. झालेला खर्च झाला. कांदा नासणार आणि परतीचं भाडंही पडणार. म्हणून त्यापुढच्या फेरीत खर्चाखाली न विकण्याचा नियम काढून टाका आणि न विकलेल्या क्विंटलला १०० रुपये दंड ठेवा. ४० क्विंटल माल, घेणारे २०. भाव ९०० च्याही खाली कोसळतो, काही जण फुकट द्यायला तयार होतात. आता हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा करून पट्टी मांडायला लावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती सोलापुरात ५१२ किलो कांद्याचे सगळं वजा जाता २ रुपये ४९ पैसे उरले होते. ही बातमी या दंडाच्या फेरीनंतरच सांगा. आधी सांगितली तर पोरं हसतात.

वेळ उरला तर पोरं हमखास म्हणतात, सरकारने भाव बांधून द्यावा. कांद्याला हमीभाव नाही, पण वर्गात द्यायला काय हरकत आहे? पहिल्याच चिठ्ठ्या घ्या आणि १५०० च्या खाली सौदा नाही असं जाहीर करा. विकायला १६ तयार, घ्यायला ८. उरलेले ८ क्विंटल तुम्ही 'सरकार' म्हणून घ्या, चिठ्ठ्या टेबलावर ठेवा आणि लागणारे १२,००० रुपये वर्गातल्या प्रत्येकाकडून ३०० प्रमाणे मागायला सुरुवात करा.