लॅबमधलं पीएचपी मीच उडवलं होतं

उदगीरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागून मला चारच महिने झाले होते. पोरांचे प्रोजेक्ट ज्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर चालायचे, तिची डिस्क भरत आली होती. ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं पीएचपीमायॲडमिन कुणी वापरत नव्हतं, म्हणून ते काढलं. लगेच टर्मिनलवर सूचना आली की अमुक अमुक पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही, 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' चालवा. ॲप्ट म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं अवजार. चालवलं. लांबलचक यादी आली, ती न वाचताच वाय दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगी आली. "सर, पेज उघडंना गेलंय, नुसता कोड दिसायलाय."

झालं होतं असं. पोरांची पेजं ज्या भाषेत लिहिलेली, ते पीएचपी आधीच्या माणसानं वेगळं टाकलंच नव्हतं, ते पीएचपीमायॲडमिनच्या मागोमाग आलेलं. आपल्याकडच्या लग्नासारखंच हे. पत्रिका एकाच्या नावाची, पण त्याच्यासोबत चौघं येतात. पत्रिकावाला निघाला की तेही उठतात, दुसऱ्या कुणा पाहुण्याला ते लागत असतील तरच थांबतात. ॲप्ट एवढंच लक्षात ठेवतं: कुणाला नाव घेऊन बोलावलं आणि कोण मागून आलं. तुम्ही रोज काय वापरता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ब्राउझरला पेज पुरवणारं अपाचे हातानं टाकलेलं होतं म्हणून ते राहिलं, पीएचपी गेलं, आणि अपाचे बिचारं पानात कोडच वाढू लागलं. पोरांच्या फायलींना धक्का लागला नव्हता, एवढंच नशीब.

व्हारमधल्या लॉगमधल्या ॲप्ट या फोल्डरातली 'हिस्टरी डॉट लॉग' फाईल उघडली. कोणत्या वेळी काय काढलं ते तिथं नावानिशी होतं. त्यावरून 'ॲप्ट इन्स्टॉल' करून पीएचपी आणि त्याची मॉड्यूल्स परत टाकली. आता ती हातानं टाकलेली म्हणून नोंदली गेली, म्हणजे पुढच्या सफाईत हलणार नाहीत. आधीपासून असलेलं पॅकेज वाचवायचं असेल तर 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' आणि पुढं त्याचं नाव, बस.

नव्या मशीनवर बसलात की आधी 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' मारून पत्रिकांची यादी बघा. जे रोज लागतं आणि त्या यादीत नाही, ते लगेच मॅन्युअल करा. सफाईला 'ऑटोरिमूव्ह'पुढं 'डॅश एस' लावलं की नुसती रंगीत तालीम होते, काही निघत नाही. माझ्या मते पहिलं वर्षभर याच्याशिवाय ही कमांड मारूच नये.

घाबरून सफाई सोडूनही चालत नाही. मशीन सुरू करायच्या फायलींचं बूट पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं आणि लहान असेल तर जुन्या कर्नलांनी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, ते भरतं आणि नवा अपडेट अडकतो. ऑटोरिमूव्ह ते जुने कर्नल काढतं, चालू असलेला आणि सगळ्यात नवा मात्र ठेवतं. नुसत्या डाऊनलोड झालेल्या फायली घालवायला 'ॲप्ट क्लीन' आहे, त्यानं टाकलेलं काही जात नाही. खरं तर त्या दिवशी मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

आणखी एक, आपल्याकडचं. उन्हाळ्यात लाईटचा नेम नाही, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी तर शोभेचीच होती. पॅकेज टाकता-काढता लाईट गेली की पुढच्या वेळी ॲप्ट हटून बसू शकतं. तेव्हा 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' चालवायचं, टाकलेल्या पॅकेजांची अर्धवट राहिलेली जुळवाजुळव पुरी होते. मी आता सफाई सकाळी, लॅब भरायच्या आधी करतो.